कामला आणि मलपरीक्षण : शाखाश्रित कामलेच्या चिकित्सेविषयी काही अनुभव

कावीळ झालेला रुग्ण वैद्याकडे येतो तेव्हा निदान बहुधा त्याने स्वतःच केलेले असते. शेजाऱ्याने डोळे पाहिलेले असतात, मूत्र हळदीसारखे झालेले त्याला स्वतःला दिसलेले असते आणि प्रयोगशाळेचा बिलीरुबिनचा कागद खिशात असतो. ‘कावीळ आहे, औषध द्या’ एवढेच मागणे असते. अशा वेळी वैद्याच्या मनातही सरळ एक औषधमालिका उभी राहते : आरोग्यवर्धिनी, फलत्रिकादि क्वाथ, भुईआवळी, सोबत पुनर्नवा मंडूर आणि पथ्याचा छापील कागद. बहुसंख्य रुग्ण बरे होतात. ते बरे होतात म्हणूनच या मालिकेची तपासणी करण्याची गरज आपल्याला वाटत नाही. प्रस्तुत लेखात त्या मालिकेपूर्वी विचारावयाच्या एका प्रश्नाचा, म्हणजे मलाच्या वर्णाचा, विचार करावयाचा आहे. बालकांतील व नवजातांतील कामला हा स्वतंत्र विषय असल्याने येथे केवळ प्रौढ रुग्णांचा विचार केला आहे.

पीतत्व हे लक्षण आहे. पित्त वाढले आहे की त्याचा मार्ग अडला आहे, हे ते सांगत नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानातील सोळाव्या, पांडुरोगचिकित्सिताच्या अध्यायात कामलेचे दोन मार्ग स्पष्ट वेगळे केले आहेत. पहिली कोष्ठशाखाश्रित किंवा बहुपित्त कामला. पांडुरोगी मनुष्याने पित्तकर आहारविहार अतिमात्रेत केल्यास पित्त रक्तमांसास दग्ध करते. नेत्र, त्वचा, नख, मुख हळदीसारखे होतात, मल व मूत्र रक्तपीत होतात, वर्ण बेडकासारखा होतो. दाह, अविपाक, दौर्बल्य, अंगसाद, अरुची ही लक्षणे असतात. दुसरी शाखाश्रित, जिला आपण रुद्धपथ कामला म्हणतो. रूक्ष, शीत, गुरु, मधुर आहार, अतिव्यायाम व वेगविधारण यांनी कुपित झालेला वायू कफासह मिळून पित्तास कोष्ठातून बाहेर शाखांत फेकतो आणि कफाने मार्ग अडलेला असल्याने ते परत येऊ शकत नाही. नेत्र, मूत्र, त्वचा पीत. मल मात्र श्वेत, वाटलेल्या तिळांसारखा. आटोप, विष्टंभ, हृदयप्रदेशी गुरुता, पार्श्वशूल, अल्पाग्नी ही जोडीची लक्षणे. पांडुरोग होऊन गेल्यावरच कामला होते असे नाही, पित्तप्रधान मनुष्यास ती पांडुरोगाविनाही होते, हे वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या निदानस्थानात सांगितले आहे, आणि आजच्या चिकित्सालयात तर अशीच रुग्णसंख्या अधिक.

चिकित्सेतील भेद निदानातील भेदाइतकाच तीक्ष्ण आहे. पहिल्या प्रकारात मृदू व तिक्त द्रव्यांनी विरेचन. दुसऱ्या प्रकारात आरंभी विरेचन नाही. पित्त कोष्ठात नाहीच, मग विरेचनाने काढावयाचे काय? म्हणून येथे आधी कफहर, कटू, तीक्ष्ण, उष्ण, लवण आणि अत्यम्ल असा, वरकरणी पित्तवर्धक वाटणारा उपक्रम सांगितला. शुष्क मुळा व कुळीथ यांचे यूष, मोर, तित्तिर, कोंबडा यांचे रूक्ष-कटुअम्ल मांसरस, महाळुंगाच्या रसात मध व त्रिकटु. हा उपक्रम किती दिवस करावयाचा याची मर्यादाही आचार्यांनी दिवसांत दिलेली नाही, मलाच्या रंगात दिली आहे : मल पित्ताने रंगेपर्यंत आणि वायू शांत होईपर्यंत. पित्त स्वस्थानी आले की मग पूर्वोक्त कामलेची चिकित्सा. मलाचा वर्ण येथे निदानाचेही साधन आहे आणि चिकित्सेच्या टप्प्याचेही. इतके महत्त्व एका लक्षणास क्वचितच मिळाले असेल.

आधुनिक शरीरक्रियाशास्त्रानुसार पाहिले तर या निरीक्षणाचा आधार सहज उलगडतो. यकृतात संस्कारित झालेले बिलीरुबिन पित्तनलिकेतून आंत्रात उतरते, तेथील जीवाणूंमुळे त्याचे रूपांतर होऊन मलास नेहमीचा पिवळसर-तपकिरी रंग येतो. ते आंत्रात उतरलेच नाही तर मल रंगहीन, मातकट पांढुरका होतो. आणि तेच संस्कारित, जलविद्राव्य बिलीरुबिन रक्तात साचून वृक्कावाटे बाहेर पडू लागते, म्हणून मूत्र गडद. रक्तकणांच्या नाशामुळे होणाऱ्या काविळीत उलट स्थिती असते, मल गडद आणि मूत्र आरंभी जवळपास स्वच्छ. तरीही शाखाश्रित म्हणजे ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह जाँडिस’ असे समीकरण लिहून मोकळे होणे मला मान्य नाही. व्हायरल हिपॅटायटिसमध्ये यकृतपेशी सुजल्याने पित्तप्रवाह काही दिवस मंदावतो, मल फिका पडतो, मग पुन्हा रंगतो. एकाच रुग्णात तीन आठवड्यांत बहुपित्त, नंतर रुद्धपथ, नंतर पुन्हा कोष्ठगत पित्त अशा अवस्था मी पाहिल्या आहेत. म्हणून मलाचा प्रश्न पहिल्या दिवशी एकदा विचारून भागत नाही.

मंडुराने काळा झालेला मल

आता माझ्या हातून झालेली चूक सांगणे प्राप्त आहे. सुमारे बारा वर्षांपूर्वी अठ्ठावन्न वर्षांचे एक शेतकरी माझ्याकडे आले. ज्वर नव्हता, वेदना नव्हती. दहा-बारा दिवसांपासून डोळे पिवळे, भूक मंद, वजन थोडे उतरलेले. बिलीरुबिन ६ होते. मल विचारला, ‘थोडा पांढरट वाटतो’ असे उत्तर मिळाले. अंगास खाज येत होती. वर्ण पांडुर, हिमोग्लोबिन ९ च्या आसपास. मी पांडुपूर्वक कामला असे ठरवून आरोग्यवर्धिनी आणि पुनर्नवा मंडूर दिले, सोबत फलत्रिकादि क्वाथ. आठ दिवसांनी ते आले तेव्हा मोठ्या समाधानाने म्हणाले, ‘डॉक्टर, रंग आला. आता चांगली काळी होते.’ मीही समाधान मानले. मल पित्ताने रंगला, मार्ग मोकळा झाला, असे मी केसपेपरवर लिहिले. तो कागद मी अजून ठेवला आहे.

तो रंग पित्ताचा नव्हता, मंडुराचा होता. लोहकल्प घेणाऱ्याचा मल काळा होतो हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. मला ते त्या दिवशी आठवले नाही, कारण मला जे पाहावयाचे होते ते दिसले होते. पुढील दोन आठवडे मी तेच औषध चालू ठेवले. डोळ्यांचा पिवळेपणा हिरवट होत चालला होता आणि त्यांच्या पत्नीने सांगितले की ते रात्ररात्र अंग खाजवत बसतात. तेव्हा कुठे पोटावर नीट हात ठेवला. उजव्या बरगडीखाली ताणलेली, न दुखणारी, गोल पित्ताशयाची गाठ हाताला लागली. बिलीरुबिन १७. सोनोग्राफीत पित्तनलिका रुंदावलेली आणि स्वादुपिंडाच्या शीर्षाशी गाठ. शस्त्रकर्माचा विचार होण्याइतकी अवस्था उरली नव्हती. नलिकेत स्टेंट घालून खाज व पिवळेपणा उतरला, आणि सात महिन्यांनी ते गेले.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात तीन आठवड्यांनी निकाल बदलला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या मुलाने मला तसे कधी विचारलेही नाही. परंतु वेदनाहीन, क्रमाने वाढणारी कावीळ आणि हाताला लागणारे, न दुखणारे पित्ताशय ही जोडी अश्मरीची नव्हे, नलिकेच्या टोकाशी असलेल्या अर्बुदाची शंका उत्पन्न करते, हा कूर्व्हाझिएचा नियम १८९० सालचा आहे आणि आपल्या अभ्यासक्रमात तो शिकविला जातो. उदरपरीक्षण पहिल्या दिवशी झाले असते तर रंगाच्या भ्रमात मी पडलोच नसतो.

त्यानंतर माझ्या व्यवहारात एक बदल झाला. कामलेच्या रुग्णास, तो पांडुर असला तरी, मलाचा वर्ण निश्चित होईपर्यंत मंडूर किंवा लोह मी देत नाही. नवायस लोह, पुनर्नवा मंडूर, मंडूरवटक यांना कामलेत ग्रंथाधार आहे आणि गुणही आहे, त्याविषयी वाद नाही. प्रश्न क्रमाचा आहे. आरोग्यवर्धिनीतही लोह व ताम्र आहेत हे विसरू नये. तिच्या अल्पमात्रेने मल काळा होईलच असे नाही, पण ज्या रुग्णात मलावर नजर ठेवावयाची आहे त्यास तीही मी आरंभी टाळतो. दुसऱ्या डॉक्टरांनी रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या आहेत का, हेही आवर्जून विचारतो. असल्यास त्या थांबवून चार-पाच दिवसांनी मलाचे परीक्षण करतो.

मलपरीक्षण प्रत्यक्षात कसे करावयाचे, हा एक व्यावहारिक प्रश्न आहे. रुग्ण लाजतो. पुरुष तर बहुधा पाहतच नाहीत. ‘नेहमीसारखीच’ हे उत्तर न पाहता दिलेले असते. शौचकूपात पाणी ओतल्यावर रंग फिका वाटतो. म्हणून मी सांगतो की सकाळी पाणी ओतण्यापूर्वी, उजेडात पाहा. आणि रंगाला नाव न देता वस्तू विचारतो. राखेसारखी? वाटलेल्या पांढऱ्या तिळांसारखी? पिवळ्या मातीसारखी? शेणासारखी? ग्रामीण रुग्ण या भाषेत अचूक उत्तरे देतात. शंका राहिली तर नमुना डबीत आणावयास सांगण्यात संकोच धरू नये. मूत्रासाठीही तसेच : पांढऱ्या कपड्यावर डाग पडतो का, हे घरातील स्त्रीला विचारले तर नेमके कळते.

उपक्रमाचा क्रम

तिळपिष्टासारखा मल निश्चित झाला की पहिले काम सोनोग्राफीचे. यात आपल्या शास्त्राचा कमीपणा मला वाटत नाही. मार्ग कफाने रुद्ध आहे असे आपण म्हणतो तेव्हा तो अश्मरीने किंवा अर्बुदाने रुद्ध नाही याची खात्री करणे वैद्याचेच काम आहे. त्रिकटूने गाठ विरघळत नाही. नलिका रुंदावलेली दिसल्यास रुग्ण त्याच दिवशी शल्यतज्ज्ञाकडे जावा. त्यात थंडी वाजून ज्वर येत असेल तर नलिकेत पूयसंसर्ग झालेला असतो आणि तेथे एक रात्रही घालवू नये.

नलिका प्राकृत असून मल श्वेत असेल, रुग्णास तीव्र दाह, वमन वा ज्वर नसेल, रक्ताच्या तपासणीत यकृताची शक्ती टिकून असेल, तर शाखाश्रित कामलेचा उपक्रम करावा. चौतीस वर्षांचे एक रुग्ण, हिपॅटायटिस ई निश्चित झालेला, तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडे आले. ज्वर आरंभीच उतरला होता, भूक परतत होती, तरी बिलीरुबिन ११ वर अडले होते, अंगास खाज होती व मल राखेसारखा होता. सोनोग्राफीत नलिका स्वच्छ. घरी त्यांना उसाचा रस, ग्लुकोज, साखरभात यांवर ठेवले होते. म्हणजे गुरु, शीत, मधुर. आचार्यांनी जो हेतू म्हणून सांगितला तोच पथ्य म्हणून चालू होता. तो प्रथम बंद केला. वाळवलेला मुळा व कुळीथ यांचे पातळ कढण, त्यात सैंधव व किंचित सुंठ, दोन वेळा. महाळुंगाच्या रसाचे दोन चमचे, त्यात त्रिकटु चूर्ण अर्धा ग्रॅम व मध, जेवणापूर्वी. ज्वारीची ताजी भाकरी व मुगाचे कढण. दिवसा झोप वर्ज्य. सहाव्या दिवशी मल मातीसारखा पिवळट झाला, आठव्या दिवशी खाज उतरू लागली. नंतर त्रिकटु थांबवून आरग्वधमगज १० ग्रॅम व मनुका यांचा फांट रात्री, असे मृदू विरेचन चार दिवस, आणि पुढे फलत्रिकादि क्वाथ. एका महिन्याने बिलीरुबिन २ च्या खाली आले.

हा गुण औषधाचा की कालाचा, हे एका रुग्णावरून सिद्ध होत नाही. हिपॅटायटिस ईमधील ही अवस्था आपोआपही उलगडते. मी एवढेच म्हणेन की त्या अवस्थेत आधीच्या वैद्यांनी दिलेले कुटकीचे विरेचन निष्फळ ठरले होते, रुग्ण अशक्त झाला होता आणि आध्मान वाढले होते. महाळुंग कोकणात सहज मिळते, घाटावर शोधावे लागते; न मिळाल्यास कागदी लिंबू वापरतो, आणि तो बदल बदल म्हणूनच नोंदवितो. हा तीक्ष्णोष्ण उपक्रम मी सात, फार तर दहा दिवस करतो. तेवढ्यात मलास वर्ण न आल्यास किंवा बिलीरुबिन चढत राहिल्यास पुन्हा तपासणी आणि यकृततज्ज्ञाचा सल्ला. दिवसांची ही मर्यादा ग्रंथातील नाही, माझी आहे, आणि ती कोठून आली हे वर सांगितले आहे.

बहुपित्त कामलेत मात्र क्रम सरळ आहे. मल पीत, दाह, तृष्णा, मुखकटुता, मळमळ. येथे त्रिकटु देणे म्हणजे आगीत तेल. फलत्रिकादि क्वाथाची भरड २० ग्रॅम, सोळापट पाण्यात अष्टमांश शेष ठेवून, सकाळी थंड झाल्यावर मध घालून द्यावा. भुईआवळीचा स्वरस मिळत असेल तर उत्तम. १९८८ साली मद्रासहून ‘लॅन्सेट’मध्ये हिपॅटायटिस बी वाहकांवरील भुईआवळीचा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा आपल्याकडे मोठा उत्साह होता, पुढील अनेक अभ्यासांत तसे फळ दिसले नाही. म्हणून चिरकारी हिपॅटायटिस बीच्या रुग्णास ‘याने विषाणू जाईल’ असे आश्वासन देऊ नये. विरेचनासाठी कुटकी १ ते ३ ग्रॅम, कोष्ठ पाहून. स्नेहपानपूर्वक विरेचन ग्रंथसंमत असले तरी मळमळणाऱ्या, अग्निमांद्य असलेल्या नव्या रुग्णास ते सोसत नाही, असा माझा अनुभव आहे. तेथे अनुलोमनावर भागवावे. अतिविरेचन तर टाळावेच. द्रवक्षय व क्षारांची घट होऊन यकृतदुर्बल रुग्ण तंद्रेत जाऊ शकतो.

जेथे थांबावे

चरकांनी असाध्य कामलेची जी लक्षणे सांगितली आहेत ती आजच्या अतिदक्षता विभागातील वर्णन वाटावीत अशी आहेत : कृष्णपीत मलमूत्र, अतिशोथ, रक्तयुक्त वमन व मल, आनाह, तंद्रा, मोह, अग्नी व संज्ञा यांचा नाश. यांतील तंद्रा हे लक्षण घरच्यांच्या नजरेतून सुटते. ‘थकवा आहे, झोपू द्या’ असे म्हटले जाते. दिवसा झोप व रात्री जागरण, उत्तर देण्यास विलंब, हात पुढे पसरल्यावर होणारा फडफडता कंप, स्वभावात अचानक पालट यांपैकी काहीही दिसल्यास, किंवा प्रोथ्रॉम्बिन कालाचा आयएनआर १.५ च्या वर गेल्यास, रुग्ण मोठ्या रुग्णालयात गेला पाहिजे. बिलीरुबिनचा आकडा पाहून घाबरणारे आपण आयएनआर मागवत नाही, ही आपल्या व्यवहारातील मोठी त्रुटी आहे. बिलीरुबिन २० असलेला रुग्ण सुखरूप असू शकतो आणि ८ असलेला तंद्रेत जाऊ शकतो.

गर्भिणीच्या कामलेस मी स्वतः हात लावत नाही. हिपॅटायटिस ई गर्भावस्थेच्या तिसऱ्या तिमाहीत अतिशय मारक ठरतो. अशा गर्भिणींत मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत गेल्याच्या नोंदी आहेत. हा विषाणू दूषित जलातून पसरतो. दिल्लीत १९५५-५६ च्या हिवाळ्यात आलेली मोठी साथ त्याचीच होती, हे पुढे कळले. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ साली तो अनुभव आला. साथ सुरू असताना आपल्या गावातील गर्भिणींना उकळलेले पाणी पिण्याचा आग्रह धरणे हे क्वाथ देण्यापेक्षा मोठे काम आहे. रसवंतीगृहातील बर्फ घातलेला उसाचा रस काविळीचे औषध म्हणून पिण्याची रूढी आहे. ज्या पाण्याने रोग आला तेच बर्फाच्या रूपाने पुन्हा पोटात जाते.

ज्वराविषयी एक सूचना. विषाणुजन्य काविळीत डोळे पिवळे होईपर्यंत ज्वर बहुधा उतरतो. पिवळेपणाबरोबर ज्वर चढताच राहिला तर, विशेषतः पावसाळ्यात, लेप्टोस्पायरोसिस व हिवताप यांची तपासणी करून घ्यावी. क्षयाची औषधे चालू असताना कावीळ झाल्यास ती औषधे थांबविण्याचा निर्णय त्याच दिवशी संबंधित डॉक्टरांकडून घ्यावा. मद्यपी रुग्णातील शोथयुक्त, दीर्घकालीन कामला ही कुंभकामलेच्या जवळची अवस्था असून ती कृच्छ्रसाध्यच समजावी. मद्य सुटल्याशिवाय तेथे औषधाची भाषा व्यर्थ आहे.

आपल्या द्रव्यांविषयीही बोलले पाहिजे. २०२१ साली मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृतशोथ झालेल्या सहा रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला; वनस्पतीची ओळख चुकली असावी, तिच्या जातीतील दुसरी वेल वापरली गेली असावी, असे म्हटले गेले. तो वृत्तान्त वाचून मलाही प्रथम रागच आला. पण कोरोनाच्या काळात लोकांनी बांधावरून कापून आणलेली वेल, मात्रेविना, महिनोन्महिने उकळून प्यायली हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ओळख चुकली असेल तरी रुग्ण आपल्याच दारात येणार. आता कामलेच्या प्रत्येक रुग्णास मी गेल्या सहा महिन्यांत घेतलेली सर्व औषधे विचारतो, काढे व पावडरीही. गुळवेल चालू असताना कामला झाली असेल तर ती बंद करतो, आणि फलत्रिकादि क्वाथात गुळवेल आहे म्हणून अशा रुग्णास तो क्वाथही देत नाही. थायरॉइड, आमवात यांसारख्या स्वप्रतिकारक व्याधींच्या रुग्णांत ही दक्षता अधिक.

लोकरूढींपैकी माळ गळ्यात घालणे निरुपद्रवी. डहाळ्या वाळून सैल पडल्याने ती लांबते, रुग्णास वाटते कावीळ उतरली. चुन्याच्या पाण्याने हात धुऊन पिवळे पाणी दाखविणे हा द्रव्यसंयोगाचा खेळ आहे. माळेवर रागावून रुग्ण गमावण्यापेक्षा ‘माळ असू द्या, पण रक्त तपासून या’ असे म्हणणे मला सोपे वाटते. डाग देणे व कडू दोडक्याच्या वा देवडांगरीच्या रसाचे तीव्र नस्य यांना मात्र ठाम नकार द्यावा. नाकातून वाहणारा पिवळा स्राव म्हणजे बाहेर पडणारी कावीळ नव्हे, तो दग्ध झालेल्या श्लेष्मल त्वचेचा स्राव आहे. त्याने नाकातून रक्त वाहणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि यकृतदौर्बल्यात रक्त लवकर थांबत नाही.

पथ्यातील तेल व हळद यांच्या संपूर्ण बंदीविषयी रुग्ण हमखास विचारतात. हळद पिवळी म्हणून वर्ज्य, यास शास्त्राधार नाही. कामलेच्या योगांत हरिद्रा व दारुहरिद्रा दोन्ही आहेत. तेलाचे म्हणाल तर श्वेत मल असेपर्यंत स्निग्ध अन्न पचत नाही, ते कमी करावे. मल रंगला आणि भूक लागली की भाकरीवर चमचाभर तूप देण्यास हरकत नाही. तीन-तीन महिने फोडणीविना जेवून कृश झालेले रुग्ण पाहिले की वाईट वाटते.

मल सलग आठ-दहा दिवस पिवळा राहिला, बिलीरुबिन उतरले, आणि तरीही वर्ण पांडुर व हिमोग्लोबिन कमी असेल तर आता पुनर्नवा मंडूर सुरू करतो, ५०० मिलिग्रॅम दोन वेळा, ताकाबरोबर. चिठ्ठी देताना रुग्णास आधीच सांगून ठेवतो की उद्या-परवापासून मल काळा दिसेल, तो औषधाचा रंग आहे, आणि चिठ्ठीवर ती तारीख वेगळी लिहितो.